थांबायचे कोणी आणि किती वेळ? संगणकाच्या गाभ्यातील रांगांचा कारभार

केंद्र सरकारने २०१८ साली भोपाळसाठी एक मोठी घोषणा केली. दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर येथील डेटा सेंटरांनंतर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे, म्हणजेच एनआयसीचे, पाचवे डेटा सेंटर मध्य प्रदेशाच्या राजधानीत उभारले जाणार होते. पाच लाख आभासी सर्व्हर सामावून घेण्याची त्याची क्षमता असेल आणि ते देशातील सर्वांत मोठे असेल, असे तत्कालीन केंद्रीय मंत्री रविशंकर प्रसाद यांनी सांगितले होते. अशा घोषणांतील आकडे नेहमी क्षमतेचे असतात. किती सर्व्हर, किती साठवण, किती वीज याची मोजदाद होते. नागरिकाला मात्र क्षमतेपेक्षा प्रतीक्षेशी कर्तव्य असते. पेडण्यातला शेतकरी एक-चौदाचा उतारा मागतो किंवा भोपाळचा विद्यार्थी जातीच्या दाखल्यासाठी अर्ज भरतो, तेव्हा पडद्यावरचे चक्र किती वेळ फिरत राहते एवढेच त्याला दिसते.

हे चक्र फिरत राहण्यामागे अनेक कारणे असू शकतात. इंटरनेटची जोडणी मंद असेल, संकेतस्थळाची रचना सदोष असेल. परंतु एक कारण असे आहे की ज्याची चर्चा तंत्रज्ञांच्या खोलीबाहेर क्वचितच होते. सर्व्हरच्या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, ज्याला कर्नेल म्हणतात त्याच्या आत, साठवण यंत्राकडे जाणाऱ्या विनंत्यांची एक रांग असते. त्या रांगेत कोण पुढे जाईल, कोण मागे राहील आणि कोणाला किती काळ ताटकळावे लागेल, याचे नियम लिहिलेले असतात. हे नियम बदलता येतात. नवे यंत्र न घेता, केवळ रांगेची मांडणी बदलून त्याच सर्व्हरची वागणूक पुष्कळ सुधारता येते आणि तितकीच बिघडवताही येते. जगातील बहुसंख्य सर्व्हर लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर चालतात, म्हणून येथे लिनक्सच्या रांगेचा विचार केला आहे.

रांग मुळात का लागते?

साठवण यंत्राचा वेग आणि प्रोसेसरचा वेग यांत असलेली दरी हे रांगेचे मूळ कारण. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची तबकडी एक फेरा सुमारे ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण करते. हवी असलेली नोंद हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडे अधिक, थांबावे लागते. त्याआधी हेडला योग्य वर्तुळावर नेण्यासाठी आठेक मिलिसेकंद लागतात. म्हणजे विखुरलेल्या ठिकाणची एक नोंद वाचायला सुमारे बारा मिलिसेकंद लागतात आणि अशा वाचनांची संख्या सेकंदाला ऐंशीच्या आसपास येऊन थांबते.

तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे या बारा मिलिसेकंदांत तीन कोटी साठ लाख ठोके पडून जातात. एक ठोका म्हणजे एक सेकंद असे मानले, तर प्रोसेसरच्या दृष्टीने एक नोंद यायला तेरा-चौदा महिने लागले. फ्लॅश चिपवर चालणाऱ्या एसएसडीला त्याच कामासाठी एका मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो. त्याच मापाने ते सुमारे साडेतीन दिवस होतात. सुधारणा प्रचंड आहे, तरी प्रतीक्षा संपलेली नाही.

एवढ्या अवधीत इतर कार्यक्रमांच्या विनंत्या येतच राहतात आणि त्या कर्नेलच्या रांगेत साचतात. या विनंत्या दोन प्रकारच्या असतात. लेखनाची विनंती आली की कर्नेल बहुधा मजकूर स्मृतीत ठेवून घेते, कार्यक्रमाला ‘झाले’ असे सांगते आणि प्रत्यक्ष लेखन सवडीने करते. वाचनाचे तसे नाही. नोंद हाती आल्याशिवाय कार्यक्रमाचे पाऊल पुढे पडत नाही. शिवाय एक नोंद वाचल्यावरच पुढची कोणती वाचायची हे बहुतेक वेळा कळते, त्यामुळे वाचने एकामागून एक येतात आणि लेखने झुंडीने. वाचनामागे माणूस थांबलेला असतो, लेखनामागे बहुतेक वेळा कोणी थांबलेले नसते. रांगेच्या सगळ्या नियमांमागे हा भेद आहे.

जोडणी, क्रम आणि उपासमार

आलेल्या क्रमानेच विनंत्या पुढे पाठवल्या तर हेड तबकडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत राहील. म्हणून कर्नेल दोन कामे करते. पहिले, शेजारशेजारच्या जागांसाठी आलेल्या विनंत्या एकत्र करून एकच मोठी विनंती बनवते. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट एका दुचाकीसाठी निघत नाही. धक्क्यावरची वाहने एकदम घेऊन जाते. तसेच हे. दुसरे, उरलेल्या विनंत्या जागेच्या क्रमाने लावते, म्हणजे हेड एका दिशेने जाता जाता वाटेतली सगळी कामे उरकते. इमारतीची लिफ्ट बटण दाबल्याच्या क्रमाने न जाता मजल्यांच्या क्रमाने थांबते, त्यावरून या पद्धतीला कर्नेलच्या परिभाषेत ‘एलेव्हेटर’ हे नाव पडले.

या पद्धतीने एकूण काम वाढते, पण तिच्यात एक अन्याय दडलेला आहे. समजा, रात्रीचा बॅकअप तबकडीच्या एका भागात सलग लेखन करीत आहे. नव्या विनंत्या जुन्यांच्या शेजारीच येत असल्याने हेडला तेथून हलण्याचे कारण उरत नाही. दूरच्या टोकावरची एक नोंद मागणारा नागरिक मग कितीही काळ ताटकळत राहू शकतो. यंत्र पूर्ण क्षमतेने राबत असते, अहवालातील आकडे उत्तम असतात आणि रांगेतील एक विनंती मात्र उपाशी असते. संगणकशास्त्रात या स्थितीला उपासमार असेच म्हणतात. लिनक्सच्या २.४ या जुन्या मालिकेतील एलेव्हेटरला हा दोष पुरता टाळता आला नव्हता.

भोपाळचा कायदा आणि कर्नेलची मुदत

नेमक्या याच दोषावर भोपाळच्या विधानसभेने शासनव्यवहारात एक उपाय काढला. मध्य प्रदेशाने २०१० साली लोकसेवा हमी कायदा केला. असा कायदा करणारे ते देशातील पहिले राज्य. अधिसूचित प्रत्येक सेवेसाठी ठरावीक दिवसांची मुदत आली. मुदत टळल्यास अपिलाची तरतूद झाली आणि विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल ५००० रुपये दंड ठरला. २०१२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कार मिळाला. पुढे इतर राज्यांनी तो मार्ग अनुसरला. गोव्यानेही २०१३ साली कालबद्ध सेवांचा कायदा केला. कार्यालयाने एकूण किती फायली निकाली काढल्या यावर समाधान न मानता, एकाही अर्जदाराला अमुक दिवसांहून अधिक थांबावे लागू नये, हा या कायद्यांचा गाभा होता.

कर्नेलमध्ये हाच विचार काही वर्षे आधी रुजला होता. लिनक्सच्या साठवण-विभागाची धुरा वाहणारे डेन्मार्कचे येन्स आक्स्बो यांनी ‘डेडलाइन’ नावाचा नियोजक लिहिला. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ या कर्नेलमध्ये तो उपलब्ध होता. त्याची रचना सुबोध आहे. प्रत्येक विनंती दोन याद्यांत नोंदली जाते. एक यादी जागेच्या क्रमाची, दुसरी आगमनाच्या क्रमाची. एरवी काम जागेच्या क्रमाने चालते. मात्र आगमनाच्या यादीतील सर्वांत जुन्या विनंतीची मुदत टळली आहे असे दिसले, की पुढची तुकडी तेथून सुरू होते. मूळ मांडणीत वाचनाची मुदत अर्धा सेकंद आणि लेखनाची पाच सेकंद असते. दहापटीचा हा फरक वाचनामागे थांबलेल्या माणसासाठी आहे. लेखनही कायमचे मागे राहू नये म्हणून, वाचनाला किती वेळा झुकते माप दिल्यानंतर लेखनाची पाळी यावी, याचाही आकडा ठरलेला असतो.

दोन्ही ठिकाणी एक मर्यादाही सारखीच आहे. मुदत लिहिल्याने कामाची क्षमता वाढत नाही. सेकंदाला ऐंशी विखुरलेली वाचने करणारी डिस्क अर्ध्या सेकंदात चाळीसच करू शकते. रांगेत सतत दोनशे वाचने असतील तर बहुतेकांची मुदत टळणारच. अशा वेळी कोणी उत्साहाने मुदत आणखी घटवून पन्नास मिलिसेकंद केली, तर जवळजवळ प्रत्येक विनंती आल्या आल्या मुदतबाह्य ठरते. नियोजक जागेचा क्रम सोडून आगमनाच्या क्रमामागे धावू लागतो, हेडची धावपळ वाढते आणि सर्वांचीच प्रतीक्षा लांबते. तलाठ्यांची पदे रिकामी ठेवून दाखल्याची मुदत पंधरावरून तीन दिवसांवर आणली तर जे होईल, तेच येथे होते. मुदत ही क्षमतेच्या आतच ठरवावी लागते.

समान वाटणीचा मार्ग

मुदतीच्या नियमाला विनंती दिसते, विनंती करणारा दिसत नाही. एका कार्यक्रमाने हजार विनंत्या टाकल्या आणि दुसऱ्याने दोनच, तरी त्याच्या लेखी सगळ्या सारख्या. म्हणून आक्स्बो यांनीच दुसरा नियोजक लिहिला. त्यात प्रत्येक कार्यक्रमाला स्वतंत्र रांग आणि डिस्कच्या वेळेतील ठरावीक वाटा मिळे. सीएफक्यू या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा हा नियोजक २००६ मध्ये आलेल्या २.६.१८ कर्नेलपासून लिनक्सची मूळ निवड ठरला आणि अनेक वर्षे राहिला. त्याच कल्पनेचा अधिक काटेकोर विकास इटलीतील मोडेना येथील विद्यापीठात संशोधन करणारे पाओलो व्हालेन्ते यांच्या चमूने केला. बीएफक्यू हा त्यांचा नियोजक २०१७ साली ४.१२ कर्नेलमध्ये सामील झाला. तो वेळेऐवजी प्रत्येक कार्यक्रमाला किती मजकूर वाचू-लिहू द्यायचा याचे अंदाजपत्रक आखतो आणि ज्या कार्यक्रमासमोर माणूस बसलेला असण्याची शक्यता अधिक, त्याला पुढे सरकवतो.

शाळांच्या प्रयोगशाळांत आणि लहान कार्यालयांत आजही हार्ड डिस्क असलेले जुने संगणक चालू आहेत. एखादी मोठी फाइल उतरवली जात असताना त्यांवर साधा मजकूर-संपादक उघडायलाही अर्धा मिनिट लागतो. अशा यंत्रावर बीएफक्यू निवडल्यास फाइल थोडी उशिरा उतरेल, पण समोर बसलेल्या विद्यार्थ्याचे काम अडणार नाही. एकूण वेग आणि तत्परता यांतील ही देवघेव आहे आणि ती कोणाच्या बाजूने करायची हे यंत्र स्वतः ठरवू शकत नाही.

फेरीचा धक्का आणि पूल

एसएसडी आल्यावर जुन्या गृहीतकांना धक्का बसला. त्यात हेड नाही, तबकडी नाही, म्हणून जागेचा क्रम लावण्यातून मिळणारा लाभ जवळजवळ संपला. शिवाय यंत्र एका वेळी अनेक कामे करू लागले. जुन्या साटा जोडणीत यंत्राची एकच रांग असते आणि तिच्यात ३२ आज्ञा मावतात. नव्या एनव्हीएमई मानकाने सुमारे ६४ हजार रांगा आणि प्रत्येक रांगेत सुमारे ६४ हजार आज्ञा एवढी मुभा दिली. प्रत्यक्ष यंत्रांत रांगा पुष्कळ कमी असतात, पण प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्याला आपली रांग मिळेल इतक्या असू शकतात.

अडचण कर्नेलमध्ये होती. तेथे प्रत्येक यंत्रासाठी एकच रांग आणि तिला एकच कुलूप होते. रांगेत विनंती टाकायची किंवा काढायची तर आधी कुलूप हाती घ्यावे लागे. डिस्क मंद होती तोवर कुलपापाशी जाणारा वेळ नगण्य होता. यंत्र वेगवान होताच कुलूप हाच अडथळा ठरला. मातियास ब्यॉर्लिंग, येन्स आक्स्बो, डेव्हिड नेलन्स आणि फिलिप बोने यांनी २०१३ मधील शोधनिबंधात यावर उपाय मांडला. प्रत्येक प्रोसेसर-गाभ्याला स्वतःची रांग द्यावी आणि तिथून यंत्राच्या रांगांकडे वाट काढावी. ही बहुरांगी रचना जानेवारी २०१४ मध्ये ३.१३ कर्नेलमधून आली. मार्च २०१९ च्या ५.० कर्नेलमध्ये जुनी एकेरी रांग पूर्णपणे काढून टाकण्यात आली आणि तिच्याबरोबर सीएफक्यूही इतिहासजमा झाला.

आज निवडीसाठी चार पर्याय आहेत. ‘नन’ म्हणजे नियोजकच नको, विनंती आली की शक्य तेवढी जोडणी करून पुढे पाठवायची. ‘एमक्यू-डेडलाइन’ म्हणजे मुदतीच्या जुन्या नियमाचा बहुरांगी अवतार. ‘बीएफक्यू’ समान वाटणीचा. आणि ‘कायबर’ हा फेसबुकमधील ओमर सँडोव्हाल यांनी लिहिलेला, वेगवान यंत्रांसाठीचा. वाचनाला दोन आणि लेखनाला दहा मिलिसेकंद हे त्याचे मूळ लक्ष्य असते आणि ते साधेल अशा बेताने तो यंत्राकडे जाणाऱ्या विनंत्यांची संख्या आवरतो. काहीच न ठरवल्यास लिनक्स सर्वसाधारणपणे एकेरी रांगेच्या यंत्राला एमक्यू-डेडलाइन आणि बहुरांगी यंत्राला नन लावते. फेरीच्या धक्क्यावर वाहने ओळीत लावायला माणूस लागतो. पुलावर तोच माणूस वाहतूक अडवू लागेल. वेगवान एनव्हीएमई यंत्रावर जड नियोजक बसवणे हे पुलावर धक्क्याचा माणूस उभा करण्यासारखे आहे.

मांडणी कोठे आणि कशी बदलायची

लिनक्समध्ये ही सगळी मांडणी साध्या फायलींच्या रूपात दिसते. ‘सिस’ या विशेष फोल्डरात ‘ब्लॉक’ नावाचा विभाग असतो, त्यात प्रत्येक साठवण यंत्राचे नाव आणि त्या नावाखाली ‘क्यू’ हा उपविभाग. त्यातील ‘शेड्युलर’ नावाची फाइल वाचली की उपलब्ध नियोजकांची नावे दिसतात आणि चालू असलेले नाव चौकटी कंसात असते. प्रशासकीय अधिकाराने त्या फायलीत दुसरे नाव लिहिले की यंत्र बंद न करता नियोजक तत्काळ बदलतो. हा बदल संगणक पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकतो. कायम करायचा तर यंत्र ओळखणाऱ्या ‘यूडेव्ह’ सेवेच्या नियमांत तो नोंदवावा लागतो. प्रयोग फसला तर संगणक पुन्हा सुरू करताच जुनी स्थिती परत येते.

नियोजकाखेरीज तेथील आणखी चार नोंदी समजून घ्याव्यात.

पहिली, रांगेची लांबी. नियोजकापाशी किती विनंत्या साठू द्यायच्या याचा हा आकडा आहे आणि तो बऱ्याच काळापासून १२८ असा चालत आलेला आहे. रांग लांब असेल तर जोडणी आणि क्रम लावण्यास वाव मिळतो. पण सेकंदाला ऐंशी कामे करणाऱ्या डिस्कपुढे १२८ जण उभे असतील तर शेवटच्याची पाळी १.६ सेकंदांनी येते आणि लांबी चौपट केली तर सहा सेकंदांहूनही उशिरा. ‘सर्व्हर मंद आहे म्हणून रांग वाढवली’ असा उपाय अनेकदा केला जातो. त्याने बॅकअप कदाचित लवकर संपेल, पण खिडकीशी उभ्या माणसाची प्रतीक्षा वाढेल.

दुसरी, आगाऊ वाचन. सलग वाचन चालले आहे असे दिसले की कर्नेल पुढचा मजकूर न मागता आणून ठेवते. मूळ आकडा बहुधा १२८ किलोबाइट असतो. चित्रफिती किंवा नकाशांच्या मोठ्या प्रतिमा साठवलेल्या डिस्कवर तो वाढवणे हितकारक ठरते. डेटाबेस असलेल्या यंत्रावर मागण्या विखुरलेल्या असतात, तेथे तो वाढवल्यास न लागणारा मजकूर आणण्यातच वेळ जातो.

तिसरी, यंत्र फिरते आहे की नाही ही नोंद. हार्ड डिस्क असल्यास एक, एसएसडी असल्यास शून्य. यूएसबी पेटीतून किंवा रेड कार्डामागून जोडलेल्या एसएसडीची नोंद कधी कधी चुकीची येते आणि मग कर्नेल तिला तबकडी समजून वागवते.

चौथी नोंद सर्वांत नाजूक आहे. बहुतेक डिस्कांत स्वतःची लहान स्मृती असते. लिहिलेला मजकूर आधी तेथे थांबतो, मग कायमचा नोंदला जातो. वीज गेली की ही स्मृती कोरी होते. म्हणून महत्त्वाच्या लेखनानंतर कर्नेल डिस्कला ‘आतले सगळे आता पक्के करून घे’ अशी आज्ञा पाठवते. या आज्ञेला वेळ लागतो. लेखन-स्मृतीच्या नोंदीत ‘राइट बॅक’ऐवजी ‘राइट थ्रू’ असे लिहिले की कर्नेल ही आज्ञा पाठवणे सोडून देते आणि आकडे एकदम चांगले दिसू लागतात. परंतु त्या लेखनाने डिस्कचा स्वभाव बदलत नाही, केवळ कर्नेलचा समज बदलतो. डिस्कच्या स्मृतीला बॅटरीचे किंवा कॅपॅसिटरचे खात्रीचे संरक्षण नसेल तर हा वेग उसना आहे. पावसाळ्यात कोणत्या क्षणी वीज जाईल याचा भरवसा नसतो, हे गोव्यात वेगळे सांगायला नको. फेरफाराची नोंद झाल्याचे नागरिकाला कळवले गेले आणि पुढच्या क्षणी ती नाहीशी झाली, तर वाचलेल्या काही मिलिसेकंदांची किंमत कोणी मोजायची? ही नोंद पूर्ण माहितीशिवाय बदलू नये.

एका छपराखाली पाच लाख

आता भोपाळच्या पाच लाख आभासी सर्व्हरांकडे वळू. आभासी सर्व्हर म्हणजे एका मोठ्या यंत्रात चालणारा, स्वतःला स्वतंत्र समजणारा संगणक. त्याची स्वतःची कार्यप्रणाली असते, स्वतःचे कर्नेल असते आणि स्वतःची रांग असते. त्याला दिसणारी डिस्कही आभासीच असते. खरी डिस्क खालच्या यजमान यंत्राकडे किंवा सामाईक साठवण व्यवस्थेकडे असते आणि तेथे पुन्हा रांग असते. म्हणजे एकच विनंती दोन-तीन रांगांतून जाते. पाहुण्या सर्व्हरला खऱ्या यंत्राची रचना ठाऊक नसताना त्याने जागेचा क्रम लावणे व्यर्थ असते. कारण खाली शेजाऱ्यांच्या विनंत्या मिसळून तो क्रम मोडतोच. म्हणून पाहुण्या सर्व्हरमध्ये साधारणतः नन ठेवावा आणि न्यायनिवाडा खऱ्या यंत्राजवळ व्हावा, हा शहाणा मार्ग मानला जातो. पाहुण्यालाच स्वतःच्या आतील कार्यक्रमांत वाटणी करायची असेल, तेवढा अपवाद.

अशा सामाईक छपराखाली खरा धोका शेजाऱ्याचा असतो. एका खात्याचा बॅकअप सुरू झाला की त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या खात्याचे संकेतस्थळ मंदावते आणि दुसऱ्या खात्याच्या तंत्रज्ञाला आपल्या सर्व्हरमध्ये दोष सापडत नाही, कारण दोष तेथे नसतोच. यासाठी लिनक्समध्ये कंट्रोल ग्रुप ही सोय आहे. कोणत्या गटाने सेकंदाला जास्तीत जास्त किती विनंत्या कराव्यात याची मर्यादा घालता येते, किंवा गटांना कमी-अधिक वजन देऊन त्या प्रमाणात वाटणी करता येते. मर्यादा न घातलेले सामाईक यंत्र म्हणजे पंखे, चक्की आणि वेल्डिंगचे यंत्र एकाच तारेवर जोडलेले घर.

आधी मोजावे, मग बदलावे

या सर्व सूचनांपैकी कोणतीही डोळे मिटून लागू पडत नाही. म्हणून बदलण्यापूर्वी मोजणे आवश्यक आहे. ‘आयओस्टॅट’ हे साधन वाचनाची आणि लेखनाची सरासरी प्रतीक्षा स्वतंत्रपणे दाखवते, तसेच रांगेची सरासरी लांबीही. ‘एफआयओ’ हे आक्स्बो यांनीच लिहिलेले साधन ठरवलेल्या नमुन्याचा भार निर्माण करून यंत्राची परीक्षा घेते. त्याने चालू डिस्कवर लेखन-चाचणी घेतल्यास तिथला मजकूर पुसला जाऊ शकतो, म्हणून परीक्षा वेगळ्या यंत्रावरच घ्यावी.

सरासरीवर मात्र विसंबू नये. शंभरांपैकी ९९ विनंत्या दोन मिलिसेकंदांत पूर्ण झाल्या आणि एक तीन सेकंद अडकली, तर सरासरी सुमारे ३२ मिलिसेकंद येते. ३२ मिलिसेकंद कोणालाच जाणवत नाहीत, तीन सेकंद जाणवतात. एक पान उघडायला अशी पन्नास वाचने लागत असतील तर त्यांतले एखादे अडकण्याची शक्यता जवळजवळ चाळीस टक्के होते आणि मग ते पानच अडकते. म्हणून जाणकार सरासरीऐवजी शंभरांतल्या सर्वांत वाईट एकाकडे पाहतात. एका वेळी एकच नोंद बदलावी, आधीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवावा आणि ही परीक्षा बॅकअप चालू असतानाही घ्यावी. निवांत वेळी सगळेच नियोजक चांगले वाटतात.

राहिला प्रश्न हे ठरवायचे कोणी याचा. हार्ड डिस्क असेल तर मुदतीचा किंवा समान वाटणीचा नियोजक, वेगवान एनव्हीएमई असेल तर नन किंवा कायबर, आभासी पाहुणा असेल तर नन, एवढे तंत्रज्ञ सांगू शकेल. बॅकअपपेक्षा उताऱ्याची मागणी महत्त्वाची आहे, एका खात्याने दुसऱ्याची वाट अडवू नये, नोंद झाली असे सांगितल्यावर ती टिकलीच पाहिजे, हे निर्णय तांत्रिक नाहीत. ते सेवा देणाऱ्या खात्याने घ्यायचे आहेत. कालबद्ध सेवेचे कायदे दाखला किती दिवसांत मिळावा हे सांगतात. सेवा संगणकावर गेल्यानंतर त्याच न्यायाने सर्व्हर पुरवठ्याच्या करारांतही साठवणीच्या टेराबाइटांबरोबर कमाल प्रतीक्षेचा आकडा लिहिला गेला पाहिजे. तो लिहिलेला नसेल तर रांगेचा कारभार यंत्राबरोबर आलेल्या मूळ मांडणीवर चालतो आणि ती मांडणी करणाऱ्याला आपल्या पेडण्याचा शेतकरी किंवा भोपाळचा विद्यार्थी ठाऊक नसतो.